चुन्याचा उंबरा

आमच्या घरी बाळंतीण असली की तिच्या खोलीबाहेर पाण्याचं घंगाळ, लाल साबण आणि उकळून वाळवलेला पंचा ठेवलेला असतो. पाहुणा कितीही मानाचा असो, कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय त्याला बाळाचं तोंड दिसत नाही. यावरून माझी भरपूर थट्टा होते. धाकटी नात म्हणते, "आजी, तू मागच्या जन्मी जकातनाक्यावर होतीस." असेन. पण माझ्या नाक्यावरून आजवर कुणी फुकट गेलेलं नाही.

मध्यंतरी नात्यातली एक पोर बाळंत होऊन दवाखान्यात होती. नर्सने तिच्या माहेरच्या माणसांना दारातच अडवलं, म्हणून केवढा तमाशा झाला. तिची मावशी म्हणाली, "आम्ही काय रोग घेऊन आलोय का?" मी तिथेच बाकावर बसले होते. मला वाटलं, आता लिहायलाच पाहिजे. मी मराठी सातवीपर्यंत शिकलेली बाई. औषधाचं मला काही कळत नाही, पण हाताचं कळतं. ते कुणी कसं शिकवलं आणि त्यासाठी कुणाला काय मोजावं लागलं, तेवढंच लिहिते.

हुडहुडी

गोष्ट पन्नास सालानंतरची, पिंपरीला पेनिसिलीनचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची. आमचं घर ताथवड्याला. थोडी शेती होती, आणि आमचे हे कारखान्याच्या बांधकामावर मुकादमाच्या हाताखाली लागले होते. पहिली मुलगी चालती-बोलती झाली होती. दुसऱ्या खेपेला मुलगा झाला, घरातच, सुईणीच्या हातून. घरात साखर वाटली गेली.

मला आई नव्हती, म्हणून माझी दोन्ही बाळंतपणं सासरीच झाली. आई माझ्या धाकट्या भावाच्या वेळी गेली. तिला बाळंतरोग झाला, असं मोठी माणसं म्हणायची. मी तेव्हा खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून रडत होते आणि मला कुणी आत सोडत नव्हतं. एवढंच मला तिचं शेवटचं आठवतं.

त्यामुळे तिसऱ्या दिवशी मला हुडहुडी भरली, दात वाजायला लागले, तेव्हा मला काय झालंय हे सगळ्यांच्या आधी मला कळलं. अंगावरून जाणाऱ्याला वास यायला लागला होता. ही गोष्ट बायका बोलत नाहीत. मी लिहिते, कारण न बोलण्यापायी जीव जातो. माझी आईही बोलली नसणार.

सुईण मायाळू होती. तिने हात घातला तेव्हा तो धुतलेला होता की नाही, कुणी पाहिलं नाही. तिला मी दोष देत नाही. तेव्हा हात नुसता दिसायला स्वच्छ असला की झालं.

सासूला आमच्याकडे आत्या म्हणतात. आत्यांनी ओव्याची धुरी दिली, काढा दिला, नजर काढली. ताप हटेना. शेवटी हे म्हणाले, "पिंपरीला छावणीत सरकारी बराकीत दवाखाना हाय. गाडी जुंपतो." आत्या म्हणाल्या, "बाळंतीण घराबाहेर काढत्यात व्हय कुटं?" यांनी दावणीचे बैल सोडून गाडीला जुंपले. मी गवतावर आडवी, आत्या लेकराला पदराखाली घेऊन बसलेल्या, आणि गाडी प्रत्येक खळग्यात आदळत होती. मी मनात चिमीला, म्हणजे थोरल्या लेकीला, सांगत होते, तू उंबऱ्याबाहेर उभी राहू नकोस गं.

बराक

बराक पूर्वीची लष्करी. फाळणीनंतर त्या छावणीत सिंधी लोकांना आणून वसवलं होतं, आणि एका लांबलचक बराकीत दवाखाना होता. सिमेंटची सपाट जमीन, दोन्ही टोकांना एवढी रुंद दारं की आमची गाडी थेट आत गेली असती. लष्कराला उंबऱ्याचं काय काम? आत्यांनी दारात पाय अडखळण्याची वाट पाहिली, अडखळला नाही, तेव्हा म्हणाल्या, "हे कसलं घर बाई!"

डॉक्टरांनी पोट दाबलं आणि मी किंचाळले. पडद्याबाहेर ते यांना म्हणाले, "गर्भाशयात विष भिनलंय. सुया सुरू करू. बघू." त्या "बघू" वर मी पुढचे कितीतरी दिवस काढले. सुईणीच्या हातून सुटले आणि सुईच्या तोंडी आले, असा एक फालतू विनोद मला त्या तापातही सुचला होता. हसायला कुणी नव्हतं.

आणि मग सगुणा सिस्टर आल्या. नगरकडच्या ख्रिस्ती बाई, वयाने पोक्त, आवाज असा की पलीकडच्या बराकीतलं पोर रडायचं थांबावं. त्यांचे हात मात्र म्हातारीचे होते. पांढरे पडलेले, सुरकुतलेले, बोटांच्या पेरांवर भेगा. त्यांनी आत्यांच्या मांडीवरून माझं पोर उचललं.

"हे माझ्याकडे राहील," त्या म्हणाल्या.

"आन् दूध?" आत्यांनी विचारलं.

"हिचं नाही. ताप उतरेपर्यंत हिने बाळाला हात लावायचा नाही. आणि आजी, तुम्ही हिचं करणार असाल, तर तुम्हीही लावायचा नाही."

मी उठायचा प्रयत्न केला. उठता आलं नाही. म्हटलं, "माझं लेकरू द्या." सिस्टर खाली वाकल्या आणि हळू म्हणाल्या, "देईन. पण तू जिवंत आणि ते जिवंत, असं असताना देईन." मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की तसा कधी वैऱ्याचाही आला नाही.

शेवटचा नंबर

माझी खाट सगळ्यांपासून लांब, पडवीत, गोणपाटाचा पडदा लावून टाकली होती. भांडी वेगळी, चादरी वेगळ्या. रोज सकाळी सिस्टर इतर सगळ्या बायकांचं उरकायच्या आणि सगळ्यात शेवटी माझ्याकडे यायच्या. मला ते फार लागलं. पंगतीत शेवटी वाढतात ते कुणाला, हे आम्हाला शिकवावं लागत नाही. एकदा मी तोंड फिरवून घेतलं. त्या म्हणाल्या, "रुसलीस?"

"मी काय वाळीत टाकलेली आहे?"

"यमुने, तुझं करून मी दुसरीकडे गेले तर तुझं दुखणं माझ्या हातावर बसून जाईल. माझा हात म्हणजे त्याला फुकटचा टांगा. म्हणून तू शेवटी. तुझ्यानंतर मी फक्त साबणाकडे जाते."

आणि त्या खरंच जायच्या. स्टोव्हवर डबा सदा उकळत असायचा, त्यात चिमटे, वाट्या, रबरी मोजे. लाल साबणाने कोपरापर्यंत हात, नखांना ब्रश, मग औषधाच्या जांभळ्या पाण्यात बुडवणं. प्रत्येक खाटेनंतर हे सगळं. भेगांत साबण गेला की त्या दातावर दात धरायच्या, ते मला पडद्याच्या फटीतून दिसायचं. आत्यांनी एकदा त्यांना खोबरेल देऊ केलं. "ड्यूटी संपल्यावर," सिस्टर म्हणाल्या. पण त्यांची ड्यूटी कधी संपलेली मी पाहिली नाही.

एक करायच्या त्या. माझं सगळं होऊन, हात धुऊन, कपडे बदलून आल्या की बाळाला घेऊन खिडकीच्या जाळीपलीकडे उभ्या राहायच्या. त्याचं तोंड माझ्याकडे करायच्या. तेवढ्यासाठी मी रोजची सुई विनातक्रार घ्यायचे.

कमलाबाई

बाळाला दूध कुणाचं, हा प्रश्न होता. कमलाबाई नावाची एक सिंधी बाई नुकतीच वॉर्डात बाळंत झाली होती, त्याच बराकींच्या ओळीत राहणारी. तिलाही मुलगा. अंगावर दूध एवढं की तिचं पोर दमून जायचं. सिस्टरनी तिला विचारलं. ती म्हणाली, "हाँ हाँ, क्यों नहीं." सिस्टर तिचे हात आणि छाती धुऊन घ्यायच्या, उकळलेल्या वाटीत दूध काढून घ्यायच्या आणि आमच्या पोराला बोंडल्याने पाजायच्या.

खोटं का बोलू, मला हेवा वाटला. माझी छाती दगडासारखी झाली होती, दूध काढून फेकून द्यावं लागत होतं, आणि माझ्या पोराचं पोट दुसरीच बाई भरत होती. मी भिंतीकडे तोंड करून रडायचे. एक दिवस कमलाबाई लांबून, पडद्याच्या पलीकडे उभी राहून म्हणाली, "बहन, तेरा राजा बहुत पीता है. मेरावाला तो आलसी है." आणि हसली. सिंध सोडून येताना तिचं सगळं मागे राहिलं होतं, असं पुढे कळलं. तेव्हा फक्त तिचं हसणं ऐकू आलं. त्यानंतर हेवा टिकवणं जड गेलं.

आत्यांचे हात

आत्या माझी सेवा करायच्या, त्यात तिळमात्र कसूर नाही. मागच्या नळावर माझी घाणेरडी फडकी धुवायच्या, पिळून वाळत घालायच्या, पदराला हात पुसायच्या. पण नातू हाताशी असून त्याला हात लावायचा नाही, हे त्यांना सोसेना. लेकराची टाळू भरायची, बेंबी शेकायची, हातपाय चोळायचे, हेच तर त्या हातांचं काम. त्या हातांनी निम्मं गाव न्हाऊ घातलेलं.

मग दुपारी सिस्टर दुसऱ्या बराकीत गेल्या की आत्या तेलाची बुधली काढायच्या आणि वॉर्डातून फिरायच्या. या खाटेवरच्या बाळाची टाळू भर, त्या बाळाची बेंबी गरम अंगठ्याने शेक. बायका खूश. माहेरापासून तुटलेल्या त्या सिंधी पोरींना तर देवच भेटला. "आजी, इधर भी आओ," अशा हाका यायच्या. मी पडवीतून ऐकायचे आणि मलाही बरं वाटायचं, की चला, आत्यांचं मन रमलंय.

सिस्टरनी एकदा पकडलं. काय आवाज चढवला! "आजी! हिची फडकी धुतलेले हात बाळाच्या बेंबीला लावता? हातावर जंतू असतात, जंतू!"

आत्यांचा चेहरा पडला. त्या माझ्या खाटेपाशी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "माज्या हातात जंत पडल्यात म्हनं. मी कुनाचं वाईट केलं गं? हाताला किडं पडू दे, असा शिव्याशाप देत्यात लोक, पर त्यो वैऱ्याला."

जंतू हा शब्द त्यांनी आयुष्यात ऐकला नव्हता. जंत ऐकला होता, पोटातला. सिस्टर एक बोलल्या आणि आत्यांनी दुसरं ऐकलं. मला फरक समजावून सांगता आला असता, निदान शाळेत तो शब्द वाचलेला होता. पण ताप चढत होता, आणि मीही मनातून सिस्टरवर जळत होतेच. मी म्हटलं, "जाऊ द्या आत्या, बोलायची रीतच नाही तिला."

आत्यांनी संध्याकाळी यांना सांगितलं, "हिला घरी न्यू. जिथं आपल्या हाताला किडं म्हनत्यात तिथं ऱ्हायचं न्हाई." हे माझ्याकडे पाहत राहिले. आईला दुखवायचं की बायकोला गमवायचं, असा तो पेच होता, आणि हे मुळात भिडस्त. मीच म्हटलं, "मी नाही येणार." सासूच्या तोंडावर बोललेलं ते माझं पहिलं 'नाही'. आत्या रात्रभर माझ्याशी बोलल्या नाहीत, पण पाय चेपत राहिल्या.

कमलाबाईचं पोर

त्यानंतर कमलाबाईच्या मुलाची बेंबी लाल झाली. मग भोवती सूज आली, पू आला. पोर दूध ओढेना, मग रडेना. डॉक्टरांनी त्यालाही सुई सुरू केली. सिस्टर त्याच्या पाळण्यापासून हलल्या नाहीत, आणि उठल्या की साबणाकडे जायच्या. एवढंसं अंग, त्याला विष पेलवलं नाही. सकाळी बायकांना पेज वाटत होते, तेव्हा कमलाबाई एकदाच ओरडली.

तिचा नवरा पोराला पांढऱ्या कापडात घेऊन गेला. आत्या पडवीच्या खांबाला धरून उभ्या होत्या. त्यांनी आपले दोन्ही हात समोर धरले, उलटे केले, सुलटे केले.

त्या दिवशी सिस्टरनी बराक रिकामी केल्यासारखी केली. गाद्या उन्हात, चादरी उकळत्या पाण्यात, पाळणे घासून जांभळ्या पाण्याने धुतले. भिंतींना द्यायला चुना कालवून आणला. आमच्या बाळाचा पाळणा त्यांनी आधीच वेगळ्या खोलीत हलवला होता. माझा जीव तिकडे टांगलेला. आता माझ्या पोराची पाळी, एवढंच डोक्यात. मला स्वतःच्या तापाची भीती राहिली नव्हती, त्याच्या बेंबीची होती. सिस्टर जाळीपाशी आल्या की मी ओरडायचे, "उघडून दाखवा!" त्या झबलं वर करून दाखवायच्या, दर खेपेला, न कंटाळता.

दुपारी चुन्याची बादली घेऊन सिस्टर पडवीत टेकल्या. आत्या पुढे झाल्या.

"बाई, खरं सांगा. माज्या हातानं गेलं का त्ये?"

सिस्टरनी कुंचला बादलीत ठेवला. मग म्हणाल्या, "मला ठाऊक नाही, आजी. तुमच्या हातून गेलं असेल. माझ्याही हातून गेलं असेल, इथे सगळ्यात जास्त फिरणारे हात माझेच. शोधून ते परत येणार नाही."

मग त्यांनी विचारलं, "आजी, तुमच्या घरी बाळंतिणीच्या खोलीत बाहेरून आलेलं माणूस तसंच शिरतं का हो?"

"छ्या! तसं कसं? पाय धुवायचं, शेगडीवर हात शेकायचं, मंग उंबरा वलांडायचा. बाहेरचं आत येतंय न्हाईतर."

"बाहेरचं म्हणजे काय?"

"काय बी. वारं, नजर, काय दिसतंय का त्ये? पर येतंय."

"मग इथे तशाच का शिरलात?"

आत्या दाराकडे पाहत राहिल्या. मग अगदी लहान आवाजात म्हणाल्या, "हितं उंबराच न्हाई, बाई."

सिस्टर उठल्या. बादलीतला कुंचला घेतला आणि दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जमिनीवर चुन्याचा जाड पट्टा ओढला. मग पडवीकडच्या दारात दुसरा, मग बाळांच्या खोलीच्या दारात तिसरा. "हा उंबरा," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणता ते बाहेरचं आणि मी म्हणते ते जंतू, एकच. दिसत नाही पण येतं. फक्त ते शेगडीला भीत नाही, साबणाला भितं. आणि आजी, ते एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातानाही बाहेरचंच असतं."

आत्या आत गेल्या आणि कनवटीची पुडी काढून आल्या. पट्ट्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढली. सिस्टरच्या गळ्यात क्रूस होता. त्या एवढंच म्हणाल्या, "आता हात धुवा, कुंकू लागलंय."

राखण

त्या दिवसापासून आत्या पट्ट्याबाहेर घंगाळ घेऊन बसल्या. माझं सगळं एका जाडजूड आयाबाईकडे गेलं आणि आत्यांनी ते मुकाट सोडलं. जंतूंवर व्याख्यान देऊन सिस्टरना जे जमलं नव्हतं, ते त्या पट्ट्याने केलं. सिंधी असो, मावळातली असो, उंबरा धुळीच्या पायाने ओलांडायचा नसतो, हे कुणाला सांगावं लागलं नाही.

माझ्या नणदा आणि भावकीतल्या बायका ताथवड्याहून गाडी भरून आल्या, बाळंतविडा घेऊन. आत्यांनी त्यांनाही उभं केलं. थोरली नणंद म्हणाली, "आये, मी तुजी लेक!"

"व्हय. लेकीला बी हात हायेत नव्हं? धू."

एकदा सिस्टर स्वतःच घाईत ट्रे घेऊन आत निघाल्या. आत्यांनी पाय आडवा घातला. "बाई, हात." सिस्टर थबकल्या, मागे फिरल्या, धुतले. आत्यांच्या खांद्यावर हात ठेवायला गेल्या आणि ओला म्हणून मागे घेतला. मला वाटतं, त्या दोघींचं त्या दिवशी मिटलं.

पण कमलाबाईचं मी अजून सांगितलं नाही. पोर गेल्यावर ती घरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी परत आली. पट्ट्याबाहेर उभी राहिली. ओढणी ओली झालेली. "सिस्टर, दूध तो आता है," एवढंच म्हणाली. "इसको दे दो."

आत्या घंगाळापाशी होत्या. त्या उठल्या आणि तिच्यापुढे हात जोडले. "पोरी, तुज्या लेकराला म्या त्याल लावलं व्हतं. माज्या हातानं गेलं त्ये." कमलाबाईला मराठी किती कळत होतं कोण जाणे. तिने आत्यांच्या हातांकडे पाहिलं, मान खाली घातली, साबण उचलला, कोपरापर्यंत हात धुतले आणि आत गेली. काही बोलली नाही. त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ ती आली, रोज आत्यांच्या समोर हात धुतले, आणि रोज काही बोलली नाही.

ताप उतरला

माझा ताप एकदम नाही उतरला. चढायचा, उतरायचा, फसवायचा. एका सकाळी मला भूक लागली. खरी भूक, मिरचीचा खर्डा आणि भाकरी आठवण्याइतकी. सिस्टरना सांगितलं तर त्या मोठ्याने हसल्या. त्यांना हसताना प्रथमच पाहिलं. तरी त्यांनी लगेच पोर दिलं नाही. आणखी थांबवलं. मी चिडले, त्या चिडल्या. मग एक दिवस त्या घंगाळ घेऊन खाटेशी आल्या, माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि स्वतः धुतले, एकेक बोट, एकेक नख. लहानपणी आई धुवायची तसे. धुतलेलं लुगडं नेसवलं. आणि पोर ओंजळीत घालावं तसं दिलं.

मी त्याची बेंबी पाहिली आधी. सुकून छान झाली होती. मग त्याचं तोंड पाहिलं. त्याने मला ओळखलं नाही, आणि का ओळखावं? मी त्याच्या डोक्यावर नाक टेकवलं. कमलाबाईच्या दुधाचा वास येत होता. मी रडले, आणि या वेळी भिंतीकडे तोंड केलं नाही.

टाळू

निघायच्या दिवशी यांनी गाडी दाराशी आणली. सिस्टरनी सगळं बजावलं, मग आत्यांना म्हणाल्या, "आजी, आता नातू तुमचा. प्रवासाला निघालंय, टाळू भरा की."

आत्यांनी बुधली काढली. घंगाळाशी बसून हात धुतले. मग पुन्हा धुतले. साबण लावला, नखं घासली, पुन्हा पाणी घेतलं. मी पोराला मांडीवर घेऊन पट्ट्याच्या आत वाट पाहत बसले होते. हे म्हणाले, "आये, झालं की." आत्या धूतच राहिल्या. शेवटी मान न उचलता मला म्हणाल्या, "तू भर गं. माजा हात न्हाई धजत."

कमलाबाई निरोप द्यायला आली होती. ती आत्यांशेजारी खाली बसली. स्वतःचे हात धुतले. उकळलेल्या पंच्याने आधी आत्यांचे हात कोरडे केले, हळूहळू, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. मग पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलली.

"आजी, मेरे बच्चे को भी तुमने तेल लगाया था. वो रोता था, चुप हो गया था. उसको अच्छा लगा था." मग माझ्या मांडीवरच्या पोराकडे बोट दाखवून म्हणाली, "इसको भी लगाओ."

आत्यांनी चुन्याचा पट्टा ओलांडला. तळहातावर तेल घेतलं. हात टाळूपाशी येऊन अडला, तेव्हा कमलाबाईने तो खालून धरला, आणि त्या दोघींच्या हातांनी माझ्या पोराची टाळू भरली.